रडत होती का?

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आमच्या रुग्णालयाच्या अधिष्ठाता बाई; व्यासपीठावर बसलेले प्रमुख पाहुणे, जे एकेकाळी याच इमारतीत माझे शिक्षक होते आणि अजूनही मी बोलायला उभा राहिलो की ज्यांच्या भुवया आपोआप वर जातात; आजच्या सत्कारमूर्ती, रक्तातील प्रतिकारशक्ती तपासणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, म्हणजे आपल्या मॅडम; त्यांचे यजमान, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक; त्यांची लेक आणि नात; लहान मुलांच्या हृदयरोग विभागातले माझे सहकारी; तळमजल्यावरची प्रयोगशाळेची सगळी मंडळी; वॉर्डातल्या सिस्टर; आणि ज्यांना या इमारतीत आज पहिल्यांदाच सुई न दिसता निवांत बसायला मिळालं आहे, असे आमचे छोटे रुग्ण आणि त्यांचे आईवडील. आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिलेली आहेत. ती कमी पडणार हे अध्यक्षबाईंना माहीत आहे, मलाही माहीत आहे, आणि तरीही आम्ही दोघांनी ती मान्य केली, कारण रुग्णालय असंच चालतं.

मॅडमविषयी बोलायचं तर सुरुवात कुठून करायची? त्यांच्या पदव्यांपासून करता येईल, पण त्या पत्रिकेवर छापल्या आहेत. स्वभावापासून करावी, तर काल मी त्यांच्या यजमानांनाच फोन केला आणि विचारलं, की घरी कशा असतात हो या? ते म्हणाले, "दूध नासलं तरी ते का नासलं हे कळेपर्यंत आमच्याकडे फेकायची परवानगी नाही." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मला वाटतं चाळीस वर्षांच्या संसाराचं याहून नेमकं वर्णन होणार नाही. सर, आपली माझी व्यथा एकच आहे. आपण दुधावर निभावलंत, मी रक्तावर.

आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. ती एका मुलीची आहे, आणि ती मुलगी या सभागृहात बसली आहे. तिची परवानगी घेऊन मी बोलतो आहे. परवानगी सहज मिळाली नाही. दोन अटी आहेत. एक, तिला "बिचारी" म्हणायचं नाही. दोन, ती "बरी झाली" असं म्हणायचं नाही, कारण ते खरं नाही. जे आहे तेवढंच सांगायचं. वॉर्डात तिला सगळे वकीलबाई म्हणायचे, ते का हे आता वेगळं सांगायला नको.

वकीलबाई आमच्याकडे आली तेव्हा नऊ वर्षांची होती. वडील शिंपी, आई बेकरीत कामाला. मुलीला फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढण्याचा आजार होता. इथे बसलेल्या सगळ्यांनाच तो माहीत असेल असं नाही, म्हणून दोन वाक्यांत सांगतो. झाडांना पाणी घालायची रबरी नळी असते ना, तिचं तोंड अंगठ्यानं दाबून धरा. पाणी तेवढंच, पण मागचा जोर किती वाढतो? या मुलांच्या फुफ्फुसांतल्या बारीक नळ्या तशा आवळत जातात, आणि हृदयाच्या उजव्या बाजूला सगळा जोर लावावा लागतो. मूल जिना चढताना थांबतं. ओठ निळसर होतात. खेळता खेळता एखादं मूल खाली पडतं, आणि आईला वाटतं ठेच लागली.

वकीलबाईला आम्ही एक औषध दिलं, मग दुसरं जोडलं. दाब काही हटेना. पुढचं पाऊल म्हणजे शरीरात सतत सोडत राहायचं तिसरं औषध, आणि त्यानंही भागलं नाही तर फुफ्फुसं बदलणं. हे तिच्या आईवडिलांना मी माझ्या खोलीत बसवून सांगितलं. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की हे हिला कुणी सांगायचं? म्हटलं, मी सांगतो. मी सांगितलं, आणि वकीलबाईनं मला उलटतपासणीत उभं केलं. हा आजार मलाच का झाला, हा तिचा पहिला प्रश्न. खरं सांगायचं तर बऱ्याच मुलांच्या बाबतीत त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं.

आता मॅडमकडे येतो. तळमजल्यावर, औषधांच्या कोठारापलीकडे, जिथे मोबाइलला रेंज नाही तिथे मॅडमची प्रयोगशाळा. त्यांना त्या काळात एका प्रश्नानं पछाडलं होतं. या मुलांच्या रक्तवाहिन्या आवळतात, त्यात शरीराच्या प्रतिकारशक्तीचा काही हात आहे का? रक्तातल्या पांढऱ्या पेशी, त्यांचे प्रकार, त्या सोडतात ती रसायनं, प्रतिपिंडं, हे सगळं आजारी मुलांत आणि निरोगी मुलांत मोजलं तर काही खूण सापडेल का? इतर ठिकाणी लोकांनी यावर काम केलं आहे, करत आहेत. मी फक्त आमच्या छोट्या गटाबद्दल बोलतो आहे, त्यावरून जगाबद्दल काही समजू नका.

काम सुरू झालं, आणि मॅडमनी एक नियम घातला. आजारी मुलांना अभ्यासासाठी वेगळं टोचायचं नाही. त्यांना जोरात रडू देणंसुद्धा धोक्याचं असतं; रडण्यानं फुफ्फुसांतला दाब एकदम चढू शकतो. म्हणून हृदयात बारीक नळी घालून दाब मोजण्यासाठी मूल भूल देऊन झोपवलेलं असतं, तेव्हाच त्याच नळीतून थोडं रक्त घ्यायचं. मुलाला पत्ताही लागत नाही. नियम अतिशय चांगला होता. मायेचा होता. सिस्टरांनी तर मॅडमना तेव्हापासून डोक्यावर घेतलं.

मग निरोगी मुलं कुठून आणायची? आपल्याच घरांतून. कुणाचा मुलगा, कुणाची भाची, कुणाच्या शेजाऱ्यांची जुळी. ती बाह्यरुग्ण विभागात यायची, आणि रक्त घ्यायचे आमचे तंत्रज्ञ, ज्यांना सगळी मुलं डासकाका म्हणतात. काका, उभे राहू नका, सगळे ओळखतात तुम्हाला. काकांचा हात हलका आहे, यात वाद नाही. पण हलक्या हातातसुद्धा सुईच असते, आणि मुलांना ते बरोबर कळतं.

आकडे आले, आणि काय आकडे होते! म्हणजे मला तरी तसं वाटलं. शरीरात गस्त घालणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी असतात. आजारी मुलांत त्या निरोगी मुलांच्या निम्म्यानं. एका मुलात नाही, दोघांत नाही, जवळजवळ सगळ्यांत. मी हुरळून गेलो. परिषदेत भाषण ठरलं. लेखाचा मसुदा तयार झाला, आणि त्यावर माझं नाव पहिलं होतं, हेही सांगून टाकतो, नाहीतर मॅडम चहाच्या वेळी सांगतील.

या सगळ्यात एकच खडा लागत होता. वकीलबाई. तिच्या रक्तात गस्तीच्या पेशी अगदी निरोगी मुलांइतक्या. बाकीच्या पांढऱ्या पेशीही प्रमाणात, कुठे काही नाही. सगळ्या आजारी मुलांत ही एकटीच व्यवस्थित, आणि तब्येत मात्र सगळ्यांत वाईट. आमचे आकडेवारीचे तज्ज्ञ म्हणाले, एखादा नमुना असा निघतोच, अपवाद म्हणून बाजूला ठेवू. मला ते पटलं. मॅडमना पटलं नाही. त्या म्हणाल्या, हिला बाजूला ठेवायचं तर का ठेवायचं ते मला आधी कळू दे. झालं! दूध नासलं होतं, आणि आता ते फेकता येणार नव्हतं.

महिनाभर त्यांनी त्या एका नमुन्याचा पिच्छा पुरवला. नळी बदलली का? यंत्र बिघडलं होतं का? नमुना तळमजल्यावर यायला उशीर झाला का? काही सापडेना. मी वैतागलो. मी वैतागतो, ही बातमी इथे कुणालाच नवीन नाही.

आणि मग त्यांनी आपल्या नातीला रक्त द्यायला आणलं. निरोगी मुलांत आणखी एक हवं होतं, एवढंच कारण. ती नात आज पहिल्या रांगेत बसली आहे आणि मोठी समंजस दिसते आहे. त्या दिवशी तिनं डासकाकांचा चष्मा लाथेनं खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठवला होता. मॅडम कित्येक वर्षांनी रक्त घेण्याच्या खोलीत उभ्या होत्या. त्यांच्याकडे रक्त येतं ते झाकण लावलेल्या नळीतून, मुकाट्यानं. त्यामागचा आरडाओरडा तळमजल्यावर पोहोचतच नाही.

नातीचा निकाल आला तो भलताच चढा. गस्तीच्या पेशी इतक्या, की आजी घाबरली. हो, शास्त्रज्ञ असल्या तरी पहिल्यांदा त्या आजीच झाल्या. काही आजार तर नाही ना पोरीला? पण घाबरण्याचा आणि विचार करण्याचा कार्यक्रम मॅडम एकाच वेळी उरकतात. त्यांच्या डोळ्यांपुढे तो उडालेला चष्मा आला. त्यांना वाटलं, हे रडण्यामुळे तर नसेल?

आता तुम्ही आम्ही काय केलं असतं? आठवड्यानं नातीला पुन्हा आणून, समजूत काढून, परत टोचलं असतं. मॅडमनी ते केलं नाही. केवळ आपल्याला प्रश्न पडला म्हणून पोराला दुसऱ्यांदा सुई नाही. त्यांनी डासकाकांना खाली बोलावलं, खुर्चीत शांत बसून स्वतःचं रक्त काढून घेतलं, चपला टेबलाखाली सरकवल्या, आणि जिन्यानं धावत सुटल्या.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी वरून येत होतो. जिन्याच्या वळणावर मला पन्नाशी ओलांडलेल्या विभागप्रमुख अनवाणी धावत येताना दिसल्या. त्यांच्या मागे पहारेकरी, कारण त्याला वाटलं आग लागली. त्याच्या मागे कुणा रुग्णाचे दोन नातेवाईक, कारण पहारेकरी धावत होता. मी विचारलं, मॅडम, काय झालं? त्या म्हणाल्या, "बाजूला व्हा." सगळ्यांत वरच्या मजल्यापर्यंत जाऊन त्या तशाच खाली आल्या आणि धापा टाकत काकांपुढे हात धरला. काकांनी मला नंतर सांगितलं, की त्यांच्या नोकरीत आनंदानं हात पुढे करणारं हे पहिलंच गिऱ्हाईक.

संध्याकाळी मला खाली बोलावणं आलं. यंत्राच्या पडद्यावर दोन आकडे होते. एक बसलेल्या मॅडमचा, एक धावलेल्या मॅडमचा. धावलेल्यांच्या रक्तात गस्तीच्या पेशी कितीतरी पट. माणूस तोच, दिवस तोच, मध्ये फक्त जिना.

त्याचं कारण मॅडमनी मला समजावलं ते असं. या पेशी शांत वेळी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना टेकून असतात. शरीर घाबरलं, धावलं, रडलं, की भिंत सोडून प्रवाहात येतात. साहेबांची गाडी दिसली की भिंतीला टेकलेले पहारेकरी कसे ताडकन उठून फेऱ्या मारायला लागतात, तसंच. पहारेकरी वाढलेले नसतात, फक्त दिसायला लागलेले असतात.

म्हणजे आम्ही काय मोजलं होतं? आमची आजारी मुलं भूल देऊन गाढ झोपलेली. आमची निरोगी मुलं डासकाकांना लाथा मारणारी. आम्ही आजार आणि आरोग्य यांच्यातला फरक मोजतच नव्हतो. आम्ही झोप आणि रडणं यांच्यातला फरक मोजत होतो! मायेनं केलेल्या नियमानं आमचा अभ्यास बुडवला होता, आणि नियम होता मॅडमचा स्वतःचा.

मी म्हटलं, "मॅडम, म्हणजे आपला निष्कर्ष गेला."

"गेला ना," त्या म्हणाल्या. चेहरा असा, की कुणाला वाटावं यांचा वाढदिवस आहे. "आता बघायला मजा येईल."

मला मजा येत नव्हती. परिषद तोंडावर आली होती. मी डोक्यात राख घालून निघून आलो आणि बरेच दिवस तळमजल्याकडे फिरकलो नाही. परिषदेला मी गेलो, उभा राहिलो आणि सांगितलं, की आम्ही जे सांगायला येणार होतो ते चूक निघालं, आणि ते असं निघालं. मला वाटलं, आता लोक उठून चहाला जातील. कुणी उठलं नाही. उलट एक वयस्कर डॉक्टर पुढे आले, आणि आपण आपल्या मुलांचं रक्त कधी घेतो, झोपेत की जागेपणी, हे मला सांगत बसले. त्यांनाही आता शंका आली होती. मला कबूल करायला हवं, की शंका इतकी भराभर पसरताना मी पहिल्यांदाच पाहिली आणि मला ती आवडली.

त्यानंतर सगळं पहिल्यापासून. आता पद्धत बदलली. आजारी मूल असो वा निरोगी, जागंच असणार. हाताला बधिर करणारं मलम लावायचं, बारीक नळी बसवायची, आणि मग अर्धा तास काही करायचं नाही. मूल शांत झालं की त्या नळीतून हळूच रक्त घ्यायचं. अर्धा तास काही न करणं हे रुग्णालयात किती अवघड असतं, सांगू? सगळ्यांच्या नाकी नऊ आले. शेवटी डासकाकांनी एक गोष्ट रचली, रक्ताची किळस येणाऱ्या एका डासाची. ती ते रोज पुढे नेतात, आणि ती अजून संपलेली नाही.

आणि मॅडमचा फोन सुरू झाला. प्रत्येक नमुन्यामागे वॉर्डात फोन. रडत होता का? रडत होती का? नमुना पोहोचला की फोन. आमच्या मोठ्या सिस्टर एकदा म्हणाल्या, "मॅडम, तो नव्हता रडत, पण आता मी रडते."

आता वकीलबाई. तिची दाब मोजण्याची तपासणी आमच्याकडे येण्याआधी दुसऱ्या रुग्णालयात झाली होती. त्यामुळे आमच्याकडे तिचं रक्त भूल दिलेली असताना कधी घेतलंच नव्हतं. ते नेहमी वॉर्डात, उपचारासाठी टोचावंच लागायचं तेव्हा, जागेपणी. आणि जागेपणी म्हणजे काय, हे सिस्टरांना विचारा. तिला प्रत्येक टोचण्याचं कारण हवं असायचं. माझं रक्त कुठे जातं? तिथे त्याचं काय करतात? उरलेलं परत का देत नाहीत? कामाच्या घाईत कोण उत्तर देणार? मग भांडण, मग दोघींनी हात धरायचा, मग सुई.

हे कळलं तेव्हा मॅडम वर आल्या, तिच्या पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, चल, दाखवते कुठे जातं. चाकाच्या खुर्चीत बसवून तिला तळमजल्यावर नेलं. ती दोन तास तिथे होती. यंत्रात पेशी एकेक करून प्रकाशासमोरून जातात आणि पडद्यावर ठिपके उमटतात, ते तिनं पाहिलं. परत आली तेव्हा दमली होती, ओठ निळे होते, आणि चेहऱ्यावर मात्र, कसं सांगू, आपला खटला कुणीतरी दाखल करून घेतला असं समाधान होतं. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःहून हात पुढे केला. डासाच्या गोष्टीतल्या चुका काढत अर्धा तास बसली. रक्त घेतलेलं तिला कळलंही नाही.

दुपारी फोन वाजला. मी तेव्हा वॉर्डातच होतो. मोठ्या सिस्टरांनी उचलला, आणि मला दोन्हीकडचं ऐकू आलं, कारण मॅडम फोनवर तळमजल्यावरून थेट बोलतात, फोन केवळ निमित्त.

"रडत होती का?"

"नाही मॅडम."

"भांडत होती का?"

"नाही मॅडम. आज ती फक्त विचारत होती."

पलीकडे फोन ठेवला गेला. मग त्या स्वतःच वर आल्या, या वेळी चालत. माझ्या खोलीचं दार लावलं आणि म्हणाल्या, "अहो हृदयवाले, ही पोरगी इतके दिवस भांडून आपल्याला फसवत होती. तिला ठाऊक नव्हतं, आपल्यालाही नव्हतं."

शांत बसलेल्या वकीलबाईच्या रक्तात पांढऱ्या पेशींतला एक मोठा प्रकार कितीतरी कमी होता. प्रत्येक वेळी भांडून भांडून ती तो आकडा वर ओढत होती, बरोबर तिथवर, जिथे आम्ही "ठीक आहे" म्हणून पुढे जातो. गंमत पाहा. नव्या पद्धतीत बाकीची आजारी मुलं निरोगी मुलांसारखीच निघाली, फरक जवळजवळ पुसला गेला. आणि जिला आम्ही अपवाद म्हणून बाजूला ठेवणार होतो, ती तेवढी वेगळी उरली. गोंगाट थांबला तेव्हा एकच आवाज ऐकू आला, आणि तो तिचा होता.

मॅडमनी त्याच रक्तातून पुढच्या तपासण्या केल्या. शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं असा एक आजार असतो, आणि त्यात या पेशी घटतात. त्याची तपासणी तिची पूर्वी झाली होती, तेव्हा काही निघालं नव्हतं, म्हणून पुन्हा कुणी केली नव्हती. अंगावर पुरळ नाही, सांधे दुखत नाहीत, संशय यावा कशावरून? आता मात्र त्या तपासणीत आजार सरळ सरळ दिसला. तिच्या फुफ्फुसांच्या नळ्या आवळण्यामागे तिचीच प्रतिकारशक्ती होती. या आजारात मिळणारी एक मोठी सवलत म्हणजे त्या प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधं देता येतात, आणि कधी कधी दाब ऐकतो.

सांधे आणि प्रतिकारशक्तीच्या तज्ज्ञबाई आल्या, उपचार सुरू झाले. आईवडिलांना आम्ही बसवून सगळं सांगितलं, मॅडमही होत्या. सगळं सांगून झाल्यावर तिची आई, जी आमच्यासमोर कधी फारसं बोलत नसे, हळूच म्हणाली, "म्हणजे ती भांडत होती, म्हणून उशीर झाला का?"

मी काही वैद्यकीय वाक्य जुळवत होतो. मॅडमनी मला बोलू दिलं नाही. त्या म्हणाल्या, "नाही हो. ती विचारत होती आणि आम्ही सांगत नव्हतो, म्हणून उशीर झाला."

मी या इमारतीत अनेक निदानं ऐकली आहेत, काही स्वतः केली आहेत. इतकं अचूक निदान मी दुसरं ऐकलेलं नाही. आणि ज्या आईच्या मनात ते ओझं आयुष्यभर राहिलं असतं, तिच्या जिवात जीव आलेला मी डोळ्यांनी पाहिला.

औषधांना सावकाश यश आलं. दाब उतरला. पूर्ण नाही, पण उतरला. फुफ्फुसं बदलण्याचा विषय आम्ही बंद करून ठेवला, तो आजपर्यंत उघडावा लागलेला नाही. वकीलबाई, तुझी अट मी पाळतो आहे. ती बरी झालेली नाही. ती रोज औषधं घेते, तपासायला येते, आणि अजून भांडते. जे आहे तेवढंच सांगितलं.

आमचा लेख शेवटी छापून आला. त्याचा सारांश एवढाच, की शांतपणे मोजलं तर आमच्या मुलांत तो गाजलेला फरक आढळला नाही. काही आढळलं नाही हे सांगणाऱ्या लेखाचं कोण कौतुक करणार? पण आता आमच्या रुग्णालयात कुठल्याही मुलाला टोचण्याआधी कारण सांगितलं जातं, आणि नंतर रक्ताबरोबर तळमजल्यावर एक चिठ्ठीही जाते, रडलं की नाही याची. नव्या आलेल्या डॉक्टरांना ही विचित्र रीत वाटते. कुणीतरी त्यांना जिन्याची गोष्ट सांगतं.

मॅडम निवृत्त होत आहेत, पण प्रश्न ठेवून जात आहेत. शांत बसलेल्या मुलांतही एक दाहाची खूण थोडी चढीच राहिली, सगळ्यांत नाही, काहींत. ती दाबामुळे येते, की दाब तिच्यामुळे? परवा सामान आवरताना त्यांनी मला हे विचारलं. मी म्हटलं, मॅडम, आता तरी विश्रांती घ्या. त्या म्हणाल्या, "घेते. पण कळलं की मला सांगाल ना?" तरुण मंडळी, हे तुमच्यासाठी आहे. त्यांना सांगावं लागणार आहे, आणि त्या पुढचा प्रश्न विचारणार आहेत, तयारीनं जा.

अध्यक्षबाईंनी तिसऱ्यांदा घड्याळाकडे पाहिलं, तेव्हा आता आभार. हा समारंभ घडवून आणणाऱ्या समितीचे, हे सभागृह सजवणाऱ्या सिस्टरांचे, डासकाकांचे, आणि एवढी वर्षं मॅडमना आमच्याकडे उसन्या देणाऱ्या त्यांच्या घरच्यांचे. आणि मॅडम, तुमचे. तुमच्याशी मी जितका भांडलो तितका कुणाशी भांडलो नाही. तुमची मला फार सवय झाली आहे. उद्यापासून तळमजल्यावरून फोन येणार नाही, हे मला जड जाणार आहे.

एक शेवटचं. हे सभागृह तिसऱ्या मजल्यावर आहे. दाराशी मी आणि मॅडम पाहुण्यांचं स्वागत करत उभे होतो, तेव्हा वकीलबाई आली. आता सोळा वर्षांची आहे, आईपेक्षा उंच झाली आहे. जरा धाप लागली होती, गाल लाल होते, ओठ मात्र नव्हते निळे. मी आधी ओठच पाहिले, सवयच तशी आहे. मॅडमनी विचारलं, "लिफ्टनं आलीस ना?"

ती म्हणाली, "जिन्यानं. मध्ये एकदाच थांबले."

मॅडमनी हातातल्या घड्याळात पाहिलं. मग म्हणाल्या, "मग आता अर्धा तास कुणाला रक्त देऊ नकोस."

माझ्या बोलण्यात काही राहून गेलं असेल, कुठे अतिशयोक्ती झाली असेल, कुणाचा मान चुकून राहिला असेल, तर पोटात घाला. सिस्टर, मॅडमचा फोन आला तर त्यांना खरं ते सांगा. माझा आजचा नमुना शांतपणे घेतलेला नाही. आकडे थोडे चढे आले असतील.

नमस्कार.